काळी, पांढरी आणि हरिपूरचीं पेंवें

मराठेशाहींतील गांवगाड्याचे कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांस 'काळी' व 'पांढरी' हे दोन शब्द नव्यानें सांगावयास नकोत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. वतनाच्या तंट्यांत, महजरांत, शिवेच्या वादांत ही जोडी पदोपदीं भेटते. 'काळीपांढरी' एवढें म्हटलें कीं सबंध गांव त्यांत आला. ह्या दोहोंमधील प्रमाण बदलूं लागलें म्हणजे गांवाचें काय होतें, हा प्रश्न मात्र आमच्या मंडळींनीं फारसा हाताळलेला नाहीं. सनदा, तहनामे, बखरी, शकावल्या ह्यांचा शोध आपण हिरिरीनें केला. परंतु माणसें वाढलीं, दूरदेशींचा व्यापार वाढला, आणि त्या दोहोंचा भार कृष्णाकांठच्या मातीनें कसा वाहिला, ह्याचा कागद आपल्या संग्रहांत जवळजवळ नाहीं. सांगलीशेजारीं हरिपुरास हळदीचीं जीं पेंवें होतीं, त्यांच्या अनुषंगानें हा विषय प्रस्तुत लेखांत मांडण्याचें योजिलें आहे.

हरिपूर हें गांव सांगलीस लागूनच, कृष्णा व वारणा ह्यांच्या संगमावर आहे. संगमेश्वराच्या देवालयामुळें तें भाविकांस, व नाटककार गोविंद बल्लाळ देवल ह्यांचें जन्मस्थान म्हणून नाट्यरसिकांस ठाऊक आहे. व्यापाऱ्यांस तें ठाऊक होतें तें पेंवांमुळें. पेंव म्हणजे जमिनींत खणलेलें कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढें अरुंद, पोट रुंद. आकार पुष्कळसा घागरीसारखा. आंतून उंसाचें पाचट व चटया लावून हळद भरीत आणि तोंड बंद करून वरून मातीनें लिंपीत. आंत वारा नाहीं, ओल नाहीं, म्हणून कीड नाहीं. माल वर्षानुवर्षें टिके आणि त्याचा रंगहि राही. उघडतांना घाई करून चालत नसे. कोंडलेल्या हवेनें माणूस गुदमरण्याचें भय असे, सबब तोंड मोकळें करून कांहीं काळ जाऊं देत, मग दिवा आंत सोडीत, व दिवा तेवत राहिला तरच माणूस उतरे.

असें कोठार वाटेल तेथें खणतां येत नाहीं. काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसाळ्यांत फुगते. तिच्यांतील खड्डा एका वर्षांत ढांसळावयाचा. पेंवास घट्ट, न फुगणारी, पाणी न धरणारी माती लागते. म्हणजे हळद पिके काळींत आणि टिके पांढरींत (पांढरी हा शब्द येथें वस्तीच्या अर्थीं नसून मातीच्या अर्थीं घेतला आहे). हरिपुरास ह्या दोन्ही जातींची माती शेजारीं शेजारीं मिळाली, आणि जवळच पेठ मिळाली. हरिपूरच्या पेंवांचें सारें रहस्य एवढेंच आहे.

शब्दाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. मोल्स्वर्थच्या कोशांत 'पेंव' शब्दाचा अर्थ जमिनीखालील धान्याचें कोठार असाच दिला आहे. घराच्या भिंतींत असतें तें बळद, विणलेली व शेणानें सारविलेली ती कणगी, सरकारी सांठा तें अंबार, आणि भुईंत तें पेंव, असा ह्या शब्दांचा संसार होता. आज पेंव शहरांतील मुलांनीं पाहिलेलें नसतें. परंतु एखाद्या गोष्टीचें 'पेंव फुटलें' असें तीं सहज बोलतात. वस्तु जाते आणि वाक्प्रचार मागें राहतो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांस नवी नाहीं. 'हळद' हा शब्द संस्कृत 'हरिद्रा' ह्यावरून प्राकृत 'हलिद्दा' द्वारा आला. कोशकारांनीं तिला रात्रीचीं सारीं नांवें देऊन टाकिलीं आहेत, ह्याचें आम्हांस शाळेंत शिकवितांना नेहमीं कौतुक वाटे.

आतां पेठेकडे वळूं. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून विभक्त होऊन त्यांनीं १८०१ च्या सुमारास सांगली ही आपली राजधानी केली, हें वाचकांस विदितच आहे. (सहा गल्ल्यांची म्हणून सांगली, ही व्युत्पत्ति लोकांच्या तोंडीं असली तरी आम्हांस ती मान्य नाहीं, गांव वाढल्यावर गल्ल्या मोजतां येतात, नांव त्याआधीं पडलेलें असतें.) संस्थानिकांनीं व्यापाऱ्यांस आश्रय दिला, पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मिरजेस रेल्वे आली, आणि सांगलीची हळद दूरवर जाऊं लागली. पेंव न उघडतां आंतील माल कागदावर विकला जाई. आज एकाची असलेली हळद उद्यां दुसऱ्याची होई आणि ती स्वतः अंधारांत जागच्या जागीं पडून असे. सट्टा हा विलायती रोग आहे असें समजणारांनीं ह्या गोष्टीचा विचार करावा. पुढें सांगलींत वायद्याच्या व्यवहारासाठीं मसाले व तेलबिया ह्यांचें एक्स्चेंजहि निघालें, तें ह्याच संवयीचें फळ होय.

दूरदेशींचा संबंध हा गेल्या तीस-चाळीस वर्षांतला आहे, असें अलीकडे 'जागतिकीकरण' ह्या शब्दामुळें पुष्कळांस वाटतें. कृष्णाकांठचें शेत पाहिलें तर हा समज टिकत नाहीं. तंबाखू, मिरची, बटाटा, मका, भुईमूग हीं सारीं पिकें अमेरिका खंडांतून आलेलीं. 'बटाटा' शब्द पोर्तुगिजांकडून जसाच्या तसा आला. 'मिरची' हें नांव आपल्या जुन्या मिऱ्यावरून ह्या परक्या फळास मिळालें. 'भुईमूग' तर नांवानें इतका घरचा झाला आहे कीं तो परका होता हें सांगितल्यास शेतकरी हंसेल. उलट, आपली हळद युरोपांत केवळ मसाला म्हणून नव्हे तर रंगाची वस्तु म्हणूनहि जात असे. १८५६ सालीं पर्किननें डांबरापासून कृत्रिम रंग काढला आणि पुढील कांहीं दशकांत वनस्पतिज रंगांची ती मागणी मावळत गेली. लंडनच्या एका खोलींत तरुण रसायनज्ञाच्या हातून नवा रंग निघतो, आणि त्याचा हिशेब येथील उक्त्या मालाच्या भावांत उमटतो. अशी ही सांखळी जुनीच आहे.

आतां संख्येचा विचार करूं, आणि येथें एक गैरसमज दूर करणें जरूर आहे. १९११ ते १९२१ ह्या दशकांत इन्फ्लुएंझाच्या सांथीमुळें आजच्या भारताच्या हद्दींतील लोकसंख्या किंचित् घटली. त्यानंतर मात्र ती खंड न पडतां वाढत गेली. १९२१ सालीं आजच्या भारताच्या हद्दींत सुमारें २५ कोटि असलेली संख्या २०११ सालीं १२१ कोटि भरली. ह्यावरून सातारा-सांगलींतहि माणसांची तशीच गर्दी झाली असेल असें कोणी म्हणेल. पण खानेसुमारी तसें म्हणत नाहीं. १९४९ सालीं साताऱ्याचे उत्तर व दक्षिण असे दोन जिल्हे झाले व १९६० सालीं दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव मिळालें. २०११ सालीं साताऱ्याची लोकसंख्या सुमारें ३० लक्ष व सांगलीची २८ लक्षांवर होती. आधींच्या दहा वर्षांत महाराष्ट्र सुमारें १६ टक्क्यांनीं वाढला. सांगली जिल्हा ९ टक्क्यांनीं, आणि सातारा जिल्हा ७ टक्क्यांहूनहि कमी.

ह्याचें कारण घरोघरीं ठाऊक आहे. माण, खटाव, जत, आटपाडी ह्या दुष्काळी मुलखांतून आणि जावळी-पाटणच्या डोंगरांतून माणसें पिढ्यान् पिढ्या बाहेर जात आलीं. साताऱ्याचा माणूस मुंबईच्या गिरणींत गेला, गोदींत गेला, पलटणींत गेला. विटें-खानापूरकडील गलाईवाले सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त हिंदुस्थानभर पसरले. २०११ सालीं सातारा जिल्ह्यांत हजार पुरुषांमागें ९८८ स्त्रिया होत्या, तर सबंध महाराष्ट्रांत ९२९. ही तफावत म्हणजे पुरुष परगांवीं असल्याची नोंद आहे. आमच्या वर्गांत दरवर्षीं पांच-सहा मुलें अशीं असत कीं त्यांचा बाप त्यांस गणपतींत व शिमग्यांत तेवढा दिसे.

तेव्हां ज्या संख्येचा भार कृष्णाकांठच्या काळीवर पडला ती संख्या कृष्णाकांठीं राहत नाहीं, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. जगाच्या हळदीपैकीं बहुतेक हळद भारतांत पिकते आणि तींतील बहुतेक भारतांतच खाल्ली जाते. परदेशीं जातो तो थोडा अंश. साखरेचीहि स्थिति बहुतांशीं अशीच. मागणी वाढली ती मुख्यत्वें आपल्याच देशांतील तोंडें वाढल्यामुळें. परदेशच्या बाजारानें भाव हलविला. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या येथील जमिनींत, आणि त्यांस एकत्र आणणारें साधन म्हणजे पाणी.

कराडच्या वरच्या अंगास खोडशी येथें १८६० च्या दशकांत कृष्णेवर बंधारा घालून तासगांवाकडे कालवा काढण्यांत आला. तो आजहि वाहतो. परंतु एका कालव्यानें मुलुख बदलत नाहीं. १९१० सालीं औंध संस्थानांत लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं किर्लोस्करवाडी वसविली; तेथून लोखंडी नांगर निघाले, चरक निघाले, पुढें पंप निघाले. १९५० च्या दशकांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले; वसंतदादा पाटील ह्यांचा सांगलीचा कारखाना त्यांतलाच. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धांत कोयनेचें धरण पुरें झालें आणि उन्हाळ्यांतहि नदीला पाणी राहूं लागलें. वीज आली, पंप आले, उपसा योजना आल्या. मुंबईहून आलेल्या मनिऑर्डरीचे पैसे विहिरींत व नळांत गेलेले आम्हीं स्वतः पाहिले आहेत. जेथें मोट दिवसभर चालून अर्धा बिघा भिजे तेथें कळ दाबली कीं रात्रभर पाणी वाहूं लागलें.

ऊंस हें बारा-अठरा महिन्यांचें पीक, हळद आठ-नऊ महिन्यांचें. दोहोंसहि भारी काळी जमीन लागते आणि दोहोंसहि पाणी लागतें. काळी जमीन पाणी पिते, पण सोडीत नाहीं. निचरा झाला नाहीं म्हणजे खालचें पाणी वर चढतें, बरोबर क्षार आणतें, आणि ऊन लागून पाणी उडालें कीं क्षार पृष्ठभागावर राहतो. वाळवें, मिरज, पलूस ह्या तालुक्यांतून नदीकांठानें जो हिंडेल त्यास हिंवाळ्याच्या सकाळीं रान पांढरें फटफटीत दिसेल. परकी माणसास धुकें वाटावें. जुन्या कागदांत 'चोपण' म्हणून कमी धाऱ्याची जी जमीन येते ती ही. फरक इतकाच कीं, पूर्वीं चोपण ही निसर्गाची देणगी असे, आतां ती गांवांतील अव्वल जमीन बिघडून झालेली आहे. पाटलांची, पांच पिढ्यांची, साऱ्यास सर्वांत जड असलेली काळी आधीं गेली. माळावरची हलकी मुरमाड राहिली. काळीची पांढरी होणें ह्याचा असा एक अर्थ आम्हांस म्हातारपणीं शिकावयास मिळाला. जमिनीखालीं सच्छिद्र नळ गाडून निचरा करितां येतो व कित्येक गांवीं तो केलाहि आहे. परंतु तें एकट्या शेतकऱ्याचें काम नव्हे. पाणी शेजाऱ्याच्या रानांतून येतें, आणि नाला दुसऱ्या शेजाऱ्याच्या रानांतून काढावा लागतो.

दूरच्या बाजाराचें नवें उदाहरण पाहावयाचें तर तासगांवास जावें. तेथील द्राक्षाची 'तास-ए-गणेश' ही जात 'थॉम्सन' ह्या परदेशी जातींतून येथेंच निवडलेली. नांवांत तासगांव आणि गणपति, मूळ भूमध्यसमुद्राकडचें. पाऊस थोडा असल्यामुळें द्राक्ष ह्या भागास मानवलें. पण त्याचसाठीं जमिनीच्या पोटांतील पाणी खोल खोल उपसलें गेलें, आणि उन्हाळ्यांत टँकरनें बागा जगविण्याची पाळी आली. २०१० सालीं क्लोरमेक्वाट नांवाच्या औषधाचा अंश आढळल्यावरून युरोपनें भारताचीं द्राक्षें नाकारलीं. ज्या बागाईतदारानें युरोपचा नकाशा शाळेंत पाहिला असेल तेवढाच, त्याचें वर्ष तेथील प्रयोगशाळेच्या एका आंकड्यानें बुडालें. हळदीचा भाव तरी वेगळा कोठें आहे? २००४ पासून मुंबईच्या एनसीडीईएक्स ह्या वायदेबाजारांत हळदीचे सौदे सुरू झाले, आणि त्यांत मुख्य केंद्र धरलें गेलें तें तेलंगणांतील निझामाबाद. २०१० च्या सुमारास भाव विलक्षण चढले आणि दोन वर्षांत तितक्याच वेगानें उतरले. पेंवांतील मालाचा भाव पूर्वीं पेंवाजवळ बोलला जाई. आतां तो भिंतीवरील पडद्यावर दिसूं लागला.

पेंवांचा अंत मात्र बाजारानें केला नाहीं, नदीनें केला. २००५ च्या जुलै-ऑगस्टांत कृष्णेस महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५३ फुटांच्या वर गेलें, आणि कित्येक दिवस ओसरलें नाहीं. हरिपूरच्या पेंवांत तें शिरलें. जी माती पाणी न धरण्यासाठीं निवडलेली, तिच्या पोटांत पाणी कोंडलें गेलें. हळद कुजली, पेंवें ढांसळलीं. २०१९ सालीं पाणी ५७ फुटांवर चढलें, २०२१ सालीं पुनः पूर आला. ह्या पुरांच्या कारणांविषयीं पुष्कळ वाद झाले आहेत. कोणी धरणाकडे बोट दाखवितो, कोणी पावसाकडे. पाऊस असाधारण होता हें खरेंच. परंतु सांगली-मिरज-कुपवाड ही १९९८ पासून एक महानगरपालिका झाली आहे, २०११ सालीं तिची वस्ती ५ लक्षांवर होती, आणि ह्या वाढीचीं घरें ओढ्यांच्या पात्रांत व नदीच्या पसरण्याच्या जागेंत गेलीं आहेत, हें ज्यास डोळे आहेत त्यास सांगावें लागत नाहीं. पूर्वींच्या लोकांनीं पांढरी कोठें असावी हें पाहून ठेविलें होतें. संख्या वाढल्यावर पांढरी काळींत उतरली. बुजलेल्या पेंवांच्या कांहीं जागांवरहि आज घरें उभीं आहेत. हळद शीतगृहांत असते.

येथें आमच्या स्वतःच्या प्रमादाची नोंद करणें प्राप्त आहे. २००५ च्या पुरानंतर तीन आठवड्यांनीं हरिपुरांतील एका जुन्या अडत्याच्या घरून आम्हांस निरोप आला कीं, माडीवर कागदांचीं दप्तरें आहेत, भिजलीं आहेत, येऊन पाहावें. आम्ही त्या वेळीं शाळेंत शिकवीत होतों, रविवारीं गेलों. एका पेटींत पटवर्धनी काळचे दोन मोडी कागद मिळाले. त्यांनीं आम्ही इतके हरखलों कीं कोपऱ्यांत रचलेल्या खातेवह्यांकडे मान वळवून पाहिलें एवढेंच. लाल खारव्याच्या पुठ्ठ्यांच्या त्या लांबट वह्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं उघडलेल्या, माथ्यावर श्री, खालीं जमा व नांवें. एक उघडून पाहिली तों पेंवाची खूण, पोत्यांची संख्या, भरल्याची मिति, काढल्याची मिति, माल कोठें रवाना झाला त्या गांवाचें नांव, अशा नोंदी. आम्हीं ती मिटून ठेविली. घरच्या वृद्ध गृहस्थांनीं विचारलें, "गुरुजी, ह्या नेतां का?" आम्ही म्हणालों, "ह्यांत इतिहास नाहीं, अण्णा. हा तुमचा हिशेब." दिवाळीपूर्वीं त्या वह्या रद्दींत गेल्या. पटवर्धनी कागदांपैकीं एक पूर्वीं छापून गेलेल्या पत्राची नक्कल निघाली, दुसरा घरगुती निमंत्रणाचा होता.

कोणत्या सालीं किती हळद कोठें गेली, पेंव किती वर्षें मिटलेलें राहिलें, दुष्काळाच्या सालीं कोणी मोडून विकली, रेल्वे आल्यावर गांवांचीं नांवें कशीं बदललीं, हें सारें त्या वह्यांत होतें. लोकसंख्या आणि दूरचा व्यापार ह्यांनीं एका गांवच्या मातीचें काय केलें, ह्याचें ह्याहून विश्वसनीय साधन दुसरें नाहीं. सरकारी गॅझेटियर (साताऱ्याचें १८८५ चें) जिल्ह्याचे आंकडे देतें. पेंवाचे आंकडे पेंववाल्याच्याच घरीं असतात.

जुना कागद जगाच्या व्यवहारांत निरुपयोगी असतो असेंहि नाहीं, आणि त्याचा दाखला हळदीनेंच दिला आहे. १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रांतील संशोधकांस, हळद जखम भरून आणते ह्या गोष्टीवर पेटंट मिळालें. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें, रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असतां, १९९६ सालीं त्यास हरकत घेतली आणि संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांसह ३२ आधार पुढें केले. १९९७ सालीं पेटंट रद्द झालें. आजीबाईच्या बटव्यांतील गोष्ट अमेरिकेच्या कचेरींत सिद्ध करावयास पोथी लागली. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें; आतां सांगलीच्या बाजारांत हिंगोली-नांदेडची व परप्रांतींची हळदहि पुष्कळ येत असल्यामुळें, सांगलीची हळद कोणती हें सांगण्याची पाळी पुनः कागदावरच येते.

गेल्या चार वर्षांत आम्हांस हरिपूर व सांगलवाडी येथून अशा वह्यांचीं तीन दप्तरें मिळालीं आहेत. दोन वाचण्याजोगीं आहेत. तिसऱ्याचीं पानें गाळानें एकमेकांस चिकटलेलीं असून तीं सोडविण्याचें काम चालू आहे. ज्या संग्राहकांजवळ कृष्णाकांठच्या अडत्यांच्या, गुऱ्हाळवाल्यांच्या किंवा गलाईवाल्यांच्या खातेवह्या असतील त्यांनीं त्या, कितीहि क्षुल्लक वाटल्या तरी, मंडळास कळवाव्या. भिजलेली वही उन्हांत वाळवूं नये व तिचीं पानें बोटांनीं ओढूं नयेत. सावलींत, वाऱ्यावर, टीपकागद मध्यें घालून ठेवावी. बोरूची जुनी काजळी शाई पाण्यानें पसरते, म्हणून गाळ धुण्याचा मोह टाळावा. गाळ वाळला म्हणजे मऊ कुंचल्यानें निघतो.